वाक्यातला माणूस

साहेब, परवा फोनवर तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. कुठल्या वाक्यात बोललात ते शेवटी सांगते. आधी तुम्ही मागितलेला लेख घ्या.

संस्थेच्या उत्सवात माझा सत्कार आहे, स्मरणिकाही निघतेय, 'व्यावसायिक शिक्षणात रोजगारक्षमता कौशल्यांचं महत्त्व' या विषयावर यशस्वी माजी विद्यार्थिनी म्हणून मी दोन पानं लिहावीत, असं तुम्ही म्हणालात. वर म्हणालात, "जरा सकारात्मक लिहा, कौसल्याताई." मी हो म्हटलं. तुम्ही मला ओळखलं नाहीत हे लगेच लक्षात आलं. ओळखलं असतंत तर तोंडातून 'ताई' निघालं नसतं. ह्याच विषयात तुम्ही मला नापास केलं होतंत.

तोंडी परीक्षा होती. वेल्डिंगच्या शेडला लागून एक हॉल होता, निम्मी बाकं मोडकी. तुम्ही संस्थेकडून परीक्षा घ्यायला आला होतात, टेबलावर तुमच्यासाठी सोललेली संत्री ठेवली होती. खिडकीपाशी आमच्या टेकाळे मॅडम उभ्या होत्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे कुणी सांगितलं तरच खुर्ची मिळायची. आमच्या वायरमन ट्रेडची पोरं भिंतीला टेकून रांगेत. पोरी त्या ट्रेडला दोनच, त्यातली एक लग्न होऊन गेलेली. म्हणजे उरले मी एकटीच.

माझ्या आधी व्यंकट सोनटक्के होता. इन केलेला शर्ट, केसाला पाणी.

"वरिष्ठांनी काम सांगितलं तर तू काय म्हणशील?" तुम्ही विचारलंत.

"येस सर."

"काम अवघड असलं तर?"

"येस सर."

"व्हेरी गुड."

"येस सर."

पोरांनी तोंडावर हात धरले. तुम्हाला ते दिसलं नाही. तुम्ही त्याला पैकीच्या पैकी दिलेत आणि एक संत्र्याची फोड तोंडात टाकून मला म्हणालात, "हां, नाव?"

"कौसल्या लक्ष्मण बोईनवाड."

"तुझी स्ट्रेंग्थ काय?"

"कुणी शिडी धरली नाही तरी चढता येतं, सर."

"तसं नाही गं. स्वभावातले गुण. नम्र, मेहनती, आज्ञाधारक, असं काहीतरी." तुम्ही हसलात. त्या वेळी मला तुमचा रागही आला नव्हता. "बरं, सोपं विचारतो. तुझे वरिष्ठ म्हणतात, लाईन बंद आहे, काम सुरू कर. तू काय म्हणशील?"

"कुणी बंद केली, असं विचारीन."

"का?"

"वाक्यात माणूस नाही, सर."

"काय नाही?"

"माणूस. 'लाईन बंद आहे' म्हटलं, तर बंद करणारा कोण ते त्यात नाही."

"मुली, तू वायरमन व्हायला आलीस का मराठीची प्राध्यापक व्हायला?"

हॉल हसला. व्यंकट सगळ्यांत मोठ्यानं. मग तुम्ही खिडकीकडं बघितलंत. "ही असली उत्तरं कोण शिकवतं इथं?"

टेकाळे मॅडम पुढं आल्या. "मी शिकवते, सर."

"बाई, एम्प्लॉयबिलिटी म्हणजे नोकरी लागायची लायकी. तुम्ही तर लागलेली घालवायचं शिकवताय."

"लागलेली टिकली पाहिजे, सर," मॅडम म्हणाल्या. "आणि ती करणारा पण."

तुम्ही कागद पुढं ओढलात. लिहिलंत. काय लिहिलंत ते निकालात कळलं. वायरिंगमध्ये मी पहिली, ईएसमध्ये, म्हणजे एम्प्लॉयबिलिटी स्किल्समध्ये, नापास. पोरांना पर्वणीच. "कौसल्या कौशल्यात नापास," हे त्यांनी भिंतीवर खडूनं लिहिलं आणि खाली विजेचा धोका दाखवणारी कवटी काढली. कवटीला वेणी.

पुढच्या सोमवारी आम्ही हॉलमध्ये गेलो तर टेबलाच्या जागी टीव्ही. शिपाई ग्यानोबा रिमोट घेऊन बसलेला.

"मॅडम कुठायत?"

"तास बंद झाला," ग्यानोबा म्हणाला. "आता हे बघा."

टीव्हीवर टाय घातलेला एक माणूस थंड खोलीत दुसऱ्या टाय घातलेल्या माणसाशी हात मिळवत होता. पकड घट्ट असावी, घाम नसावा, डोळ्यांत बघावं. आमची पोरं ग्रीसनं माखलेल्या हातांनी आठवडाभर एकमेकांशी हात मिळवत होती. सहा महिन्यांनी मी परत तोंडी दिली, सगळ्याला येस सर म्हटलं आणि पास झाले. तेव्हा परीक्षक दुसरेच होते, पण प्रश्न तुमचेच होते.

आता मॅडमचा तास कसा होता ते सांगते. तुम्ही तो कधी बसून बघितला नाहीत.

मॅडम आधी बसस्टँडवर माईकवर बोलायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द. पहिल्याच तासाला त्या आत आल्या आणि नाक न धरता नाकातूनच म्हणाल्या, "लक्ष द्या, वायरमन ट्रेडची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." पोरं खूश. आम्हाला वाटलं, बाई नकला करतात, वेळ बरा जाईल.

मग त्यांनी सांगितलं. "नवी होते तेव्हा मी म्हणायचे, 'गाडी रद्द झालेली आहे.' लोक खिडकीवर येऊन नशिबाला शिव्या द्यायचे आणि पिशवी उचलून घरी जायचे. तिथं एक म्हातारे कंट्रोलर होते. ते मला म्हणाले, बाई, असं नका म्हणू. 'गाडी आपण रद्द केली आहे' म्हणा. लोक शिव्या आपल्याला देतील, खाऊन घ्या. पण मग दुसरी गाडी कधी सोडता, हे पण विचारतील."

"मग विचारलं का, मॅडम?" व्यंकट म्हणाला.

"शिव्या दिल्या आधी."

"आणि मग?"

"मग विचारलं."

एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. वाक्यातला माणूस शोधायचा. रोज फळ्यावर एक वाक्य. 'काच फुटली.' 'दूध उतू गेलं.' 'पाना हरवला.' माणूस शोधा, उभा करा, त्याला विचारा. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त विचारायचं. आणि आपल्याला कुणी काम सांगितलं तर ते आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवायचं, माणसासकट.

"हे वायरिंगमध्ये कुठं येतं, मॅडम?" पोरं कुरकुरायची.

"हे कुठंही येतं," त्या म्हणायच्या. "मी ते बसस्टँडवरून इथं आणलं. तुम्ही इथून कुठं न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. ओझं नाही त्याचं, खिशात मावतं."

एकदा शिवणकामाच्या ट्रेडच्या पोरी आमच्यासोबत बसल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, आज वाक्य तुम्ही द्या. संगीता येवतीकर म्हणून एक होती, हळू बोलायची. ती म्हणाली, "माझं लग्न ठरलं." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"कुणी ठरवलं?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्यांनी."

"त्या सगळ्यांत तू होतीस?"

संगीता म्हणाली, "मी चहा घेऊन गेले होते."

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

माझ्या घरीही असंच एक बिनमाणसाचं वाक्य तयार होतं. 'नोकरी लागली तर बरं, नाही तर दिवाळीच्या आत उरकून टाकायचं.' कुणी उरकायचं, कुणाचं उरकायचं, काही नाही. पण मला ते समजत होतं. म्हणून आयटीआय संपल्यावर भोसीकर ठेकेदाराकडं लाईनच्या कामावर घेतलं, तेव्हा मी जीव टाकून काम करत होते. मी आणि व्यंकट, दोघं एकदमच लागलो होतो. भोसीकरांनी पहिल्या दिवशीच जीपला टेकून सांगितलं होतं, "दोघांला बघतो. ठेवणार एकालाच." नंतर माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला घेतलंय ते पोरगी म्हणून कौतुकानं घेतलंय. कौतुक लई दिवस टिकत नसतं."

टोळीचे मुख्य शेषेरावमामा होते. उन्हानं काळा झालेला, कमी बोलणारा, तंबाखूच्या पुडीवर जिवापाड प्रेम असलेला माणूस. उभी हयात खांबावर गेलेली. मला ते वर चढू द्यायचे नाहीत. "तू शिडी धर," म्हणायचे. महिनाभर मी शिडी धरली. व्यंकट वर, मी खाली. भोसीकर यायचे तेव्हा व्यंकट वर दिसायचा आणि मी खाली दिसायचे. हिशेब उघड होता.

त्या दिवशी आम्ही हिवरगावच्या शिवारात होतो. शेतीच्या मेन लाईनचा एका खांबावरचा जोड जळून तुटला होता. खांबाच्या अलीकडच्या शेतांना लाईट होती, पलीकडच्या मळ्यांना नव्हती. पलीकडचे चार-पाच शेतकरी येऊन बांधावर बसले होते. ऊस वाळत होता, त्यांची नजर आमच्यावर होती. भोसीकर स्वतः जीप घेऊन आले होते आणि बाभळीच्या सावलीत उभे होते. आमच्या दोघांतलं कोण राहणार ते आज संध्याकाळी सांगतो, असं सकाळीच म्हणून ठेवलं होतं त्यांनी.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. मेन लाईनवर हात घालायचा तर सबस्टेशनमधून ती आपल्या नावावर बंद करून घ्यायची असते. आपण 'माणसं उतरली' असं कळवेपर्यंत तिथला ऑपरेटर ती चालू करत नाही. ह्याला परमिट म्हणतात. पण भारनियमनाचे दिवस होते. दुपारभर शेतीची लाईट जायचीच, ठरलेल्या वेळेला. मग फोन कोण लावतो, वाट कोण बघतो. लाईट नाही तोवर चढायचं, काम उरकायचं, उतरायचं. सगळ्या टोळ्या असंच करायच्या. शेषेरावमामाही.

त्यांनी बांधावरच्या एका शेतकऱ्याला विचारलं, "अलीकडच्या पंपाला लाईट हाय का?"

"नाही. आत्ताच गेली."

"हां. लाईन बंद हाय. व्यंकट, चढ."

"हो मामा," म्हणून व्यंकटनं पट्टा बांधला. मी शिडी लावली. ती खांबाला टेकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, लाईन बंद हाय का बंद केलीय?"

"आँ?"

"बंद हाय का बंद केलीय? केलीय तर कुणी केलीय?"

"बंद हाय म्हणायलोय की. दिसंना का तुला?"

"बंद दिसायलीय. पण परमिट कुणाच्या नावावर हाय?"

मामांनी तंबाखू थुंकली. "पोरी, तू जन्मली नव्हतीस तवापासून मी खांबावर हाय. मला परमिट शिकवायलीस?"

"शिकवत नाही, मामा. विचारायले."

"आता विचारलंस न्हवं? झालं. धर शिडी."

व्यंकट चढायला लागला. बांधावरचा एक जण म्हणाला, "बायामाणसाच्या हातात शिडी दिली की असंच व्हायचं." दुसरा म्हणाला, "घाबरली असंल लेकरू." भोसीकर सावलीतनं बाहेर आले.

"काय चाललंय?"

"काही नाही मालक," मामा म्हणाले. "प्रश्न पडलाय बाईला."

मी भोसीकरांकडं बघितलं. मामांनी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलेलं नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मॅडमनी फळ्यावर लिहिलेली शंभर वाक्यं मी तोंडपाठ केली होती, आणि त्यातल्या एकाही वाक्याला 'झालं, धर शिडी' हे उत्तर नव्हतं. व्यंकटचा पाय माझ्या डोळ्यांसमोरून वर चालला होता. मी शिडी सोडली आणि तो पाय धरला. दोन्ही हातांनी, घोट्यापाशी.

"ए, पाय सोड," व्यंकट वरून म्हणाला.

"मामांनी सांगितलं की सोडते."

"कौसे, लोक बघायलेत. सोड ना."

बांधावर आता हशा पिकला. "पोरगी पाय धरायली की त्याचे."

भोसीकर हसले नाहीत. ते माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "जागा एक हाय म्हणून पाय ओढायलीस व्हय? आं? मी बघत नाही का काय?"

साहेब, तो वार बरोबर लागला. कारण बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसत होतं. जागा एकच, तो वर निघालेला, मी त्याचा पाय ओढणारी. संध्याकाळी काय होणार हे मला त्याच क्षणी कळलं. घरचं वाक्यही कानात वाजलं, उरकून टाकायचं. मी पाय सोडला असता तर कुणी मला काही म्हणालं नसतं. तुम्ही तर पास केलं असतंत.

"मालक, पाय धरलाय तो ओढायला नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा सरळ निघाला. "मामांनी एकदा सबस्टेशनला विचारावं. माझं चुकलं तर मी इथनंच पायी घरी जाते. संध्याकाळची वाट बघू नका."

"लाव रे फोन," भोसीकर मामांना म्हणाले. "हिची हौस फेडू. स्पीकरवर लाव, सगळे ऐकू द्या."

मामांचा अपमान झाला होता. इतक्या वर्षांत त्यांना कुणी पुरावा मागितला नव्हता. त्यांनी फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्या तोंडापुढं धरला. "घे. ऐक."

घंटी वाजायला लागली. व्यंकट शिडीवर, एक पाय माझ्या हातात, उगाच इकडंतिकडं बघत. बांधावरचे लोक मान वर करून. घंटी वाजतेय. कुणी उचलत नाही.

"जेवायला बसला असंल," मामा म्हणाले.

आणि अलीकडच्या शेतातला पंप आपोआप सुरू झाला.

शेतीच्या पंपांना ऑटो बसवलेलं असतं, लाईट आली की पंप आपला आपण चालू होतो. आधी एक खोकला आला, मग पाइपातून भसकन पाणी पडलं. मग त्याच्या पलीकडचा. मग विहिरीवरचा. एकामागून एक. डोक्यावरच्या तारा तशाच होत्या, काही दिसत नव्हतं, काही हललं नव्हतं. व्यंकटचा हात त्यांच्यापासून फार तर दोन माणसांच्या उंचीएवढा खाली होता.

मी पाय सोडला नाही, फक्त खाली ओढला, एक पायरी, दुसरी पायरी. तो लहान लेकरासारखा उतरला आणि मातीत बसला.

फोन अजून मामांच्या हातात होता. तिकडून आवाज आला, "हां, बोला शेषेराव. आजपासून टाइम बदललाय बरं का, लाईट आत्ताच सोडली. काय काम होतं?"

मामा म्हणाले, "काई नाही. परमिट पाहिजे होतं."

"कुणाच्या नावावर लिहू?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. "माझ्याच," ते म्हणाले. "शेषेराव पुंडलिक लुटे. लाईन बंद कर, आणि मी सांगितल्याबिगर चालू करू नको. मी काय सांगितलं ते परत म्हण."

हे शेवटचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनाच सुचलं.

पंप बंद झाले. मामांनी जीपमधली अर्थिंगची साखळी, चुकून वीज आलीच तर जमिनीत उतरवणारी, काढून तारांवर टाकली, दुसऱ्यांदा बघितलं, आणि मग स्वतः चढले. मी शिडी धरली. काम झालं, उसाला पाणी गेलं, बांधावरच्या लोकांनी चहा पाठवला. ज्यानं बायामाणसाची गोष्ट काढली होती, त्यानंच कपबशी माझ्या हातात दिली. साखर दुप्पट घातली होती.

संध्याकाळी भोसीकर म्हणाले, "बघा, झालं ते झालं. पण व्यंकट ऐकणारा पोरगा हाय. ही विचारणारी हाय. रोज असं विचारत बसली तर कामं कवा व्हायची? शेषेराव, तुमचं काय म्हणणं?"

मामा तंबाखू मळत होते. मळून झाली, तोंडात गेली. मग म्हणाले, "मालक, वर चढायला मला कोणबी चालंल. खाली उभं राहायला हीच पाहिजे. नाही तर उद्यापासून मी चढत नाही."

मला ठेवलं. घरचं वाक्य त्या दिवाळीला मागं पडलं, पुढच्या दिवाळीला परत आलं, पण तोवर मी त्यातला माणूस शोधून ठेवला होता. ती वेगळी गोष्ट आहे, स्मरणिकेत बसणार नाही.

व्यंकट आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मग चाकणला एका कारखान्यात गेला. गाड्यांचे दरवाजे जोडणारी मोठी यंत्रं असतात, त्यांच्यावर आहे. गेल्या पाडव्याला त्याचा फोन आला.

"कौसे, आज आमच्या साहेबांनी सांगितलं, मशीन बंद हाय, आत जाऊन साफ कर."

"मग? येस सर म्हणलास?"

"म्हणलो की."

"व्यंक्या."

"ऐक ना. आधी विचारलं, कुणी बंद केली? कुलूप कुणाचं लावलंय? चावी कुणाच्या खिशात हाय? चावी माझ्या खिशात आल्यावर म्हणलो येस सर."

तार वेगळी, यंत्र वेगळं, गाव वेगळं. प्रश्न तोच, खिशात मावणारा. संगीता येवतीकर आता सरकारी दवाखान्यात मदतनीस आहे. मागं बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, 'औषध दिलंय' म्हटलं की मी विचारते कुणी दिलं, त्यामुळे सिस्टर लोकांत माझं नाव वाईट आहे. आणि हसली. आताशा ती मोठ्यानं हसते.

हे आहे तुमचं रोजगारक्षमता कौशल्य, साहेब. एका ट्रेडमधून दुसऱ्या ट्रेडमध्ये जाणारं. पुस्तकात तुम्ही त्याची व्याख्या छापता. आमच्याकडं ते शिकवणारी बाई होती.

आज माझं स्वतःचं ठेकेदारीचं लायसन्स आहे, दोन टोळ्या आहेत, जीप आहे. मामा आता थकलेत, जीपमध्ये पुढं बसून येतात आणि खालून सगळ्यांना शिव्या घालतात. तुमच्या संस्थेतून पोरं येतात, चांगली वायरिंग करतात, हात घट्ट मिळवतात, डोळ्यांत बघतात. मी त्यांना खांबापाशी नेते आणि म्हणते, "लाईन बंद हाय, चढ." बरीचशी 'येस मॅडम' म्हणून चढायला निघतात. त्यांना मी शिडी धरायला लावते. विचारेपर्यंत.

टेकाळे मॅडम कुठं असतात हे तुम्ही फोनवर विचारलं नाहीत. तरी सांगते. एका मंगल कार्यालयात माईकवर असतात. तिथंही 'जेवणं वाढली आहेत' असं म्हणत नाहीत. 'आपल्या वाढपी मंडळींनी जेवणं वाढली आहेत, त्यांना बोलावू नका, ते येतच आहेत,' म्हणतात. मी त्यांना भेटले. परत शिकवाल का, विचारलं. त्या म्हणाल्या, "बोलावलं तर बघू." वर म्हणाल्या, "कोण बोलावणार, ते आधी कळू दे."

आता ते वाक्य.

परवा फोनवर मी तुम्हाला विचारलं होतं, ईएसचा तास आता कोण घेतं? तुम्ही म्हणालात, "तो मधल्या काळात बंद पडला होता, ताई. आता नव्यानं सुरू करायचा विचार चाललाय."

बंद पडायला तो काय पंप होता? पंपसुद्धा बंद पडला तर आम्ही उघडून बघतो. ग्यानोबानं मला सांगितलं होतं, बंद झाला. तुम्ही सांगताय, बंद पडला. ग्यानोबा शिपाई होता, त्याला जेवढं कळवलं तेवढं त्यानं सांगितलं. तुम्ही तेव्हा टेबलामागं होतात, पेन तुमच्या हातात होतं, आणि आजही तुमच्या वाक्यात माणूस नाही.

लेख छापा किंवा नका छापू, फोटो लावा किंवा नका लावू. सत्काराची शालही राहू द्या. मी उत्सवाला येईन, पहिल्या रांगेत बसेन, टेकाळे मॅडमना शेजारी बसवीन. तुम्ही माईकवर याल तेव्हा तुम्हाला एकच काम आहे. 'चौकशी चालू आहे' असं म्हणू नका, त्यातही माणूस नसतो.

तास बंद पडला, की बंद केला? केला असेल तर कुणी? पूर्ण वाक्य सांगा, साहेब. नावासकट.